हायड्रोजनच्या वाटेतला विषारी अडसर

थंडीत बंद खोलीत शेगडी पेटती ठेवून झोपलेल्यांचा गुदमरून मृत्यू झाल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. त्यामागे कार्बन मोनॉक्साइड असतो. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. हाच वायू हायड्रोजनवर चालणाऱ्या फ्युएल सेललाही निकामी करतो.

पुण्यात ‘सीएसआयआर’ व ‘केपीआयटी’ यांनी विकसित केलेली हायड्रोजन बस ऑगस्ट २०२२ मध्ये सादर झाली. वाहनांतील अशा सेलचे तापमान ८० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. त्याच्या अ‍ॅनोडवरील प्लॅटिनमच्या सूक्ष्म कणांवर हायड्रोजनचे रेणू फुटतात, इलेक्ट्रॉन सुटतात आणि वीज मिळते. पण कार्बन मोनॉक्साइड आला की तो प्लॅटिनमवर ठाण मांडतो आणि हायड्रोजनला जागाच उरत नाही. दहा लाखांत दहा भाग एवढे प्रमाणही वीज घटवायला पुरते. म्हणूनच वाहनांच्या हायड्रोजनसाठी आंतरराष्ट्रीय मानकाने दहा लाखांत ०.२ भाग ही मर्यादा घातली आहे.

यावरचा जुना उतारा म्हणजे प्लॅटिनममध्ये रुथेनियम मिसळणे. रुथेनियम पाण्यातून ऑक्सिजनयुक्त घटक मिळवतो आणि चिकटलेल्या कार्बन मोनॉक्साइडचे कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर होते. शिवाय प्लॅटिनमची त्या वायूवरची पकडही सैल होते. मात्र रुथेनियम दुर्मीळ आहे आणि काळानुसार विरघळतो. दुसरा मार्ग तापमान वाढवण्याचा. फॉस्फोरिक आम्ल वापरणारे सेल १६० अंशांच्या पुढे चालतात आणि एक टक्का कार्बन मोनॉक्साइडही सोसतात. पण ते तापायला वेळ लागतो, त्यामुळे सतत चालू-बंद होणाऱ्या गाडीपेक्षा एका जागी बसवलेल्या वीजसंचाला ते अधिक सोयीचे.

पाण्याच्या विघटनातून मिळणाऱ्या हरित हायड्रोजनमध्ये हा प्रश्न जवळपास उद्भवत नाही. जानेवारी २०२३ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहिमेचे उद्दिष्ट २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन उत्पादनाचे आहे. पण आजचा बहुतांश हायड्रोजन नैसर्गिक वायू व कोळशापासून बनतो. शेतातील काडीकचऱ्यापासून वायू केला, तरी त्यात कार्बन मोनॉक्साइड असतोच. तो काढण्याचा खर्च अखेर इंधनाच्या दरात येतो. त्यामुळे स्वच्छ हायड्रोजनची वाट पाहतानाच मळ सोसणारा उत्प्रेरक शोधणेही तितकेच निकडीचे आहे. प्लॅटिनमसाठी आयातीवर अवलंबून असलेल्या भारताला तर ते अधिकच लागू पडते.