समन्वय समितीने कोंडी फुटत नाही

दोन खात्यांचे एकमेकांवाचून अडले की ‘डेडलॉक झाला’ म्हणायचे आणि लगोलग समन्वय समिती नेमायची, ही आमची जुनी रीत. शब्द संगणकवाल्यांच्या थाटात वापरतो, त्यांचे शास्त्र मात्र वाचत नाही.

कॉफमन, एल्फिक व शोशानी यांनी १९७१ साली संगणकातील कोंडीच्या चार अटी मांडल्या. साधन एका वेळी एकालाच वापरता येते. हातचे न सोडता प्रत्येक प्रक्रिया दुसरे मागते. ही प्रतीक्षा वर्तुळाकार होते. आणि कोणाकडूनही साधन बळाने काढून घेता येत नाही. चारही जुळल्या तरच कोंडी. एक मोडली की सुटका. समन्वय समिती यांतील कोणती मोडते? एकही नाही. ती वर्तुळ न्याहाळते, इतिवृत्त लिहिते आणि पुढील तारीख देते.

अनेक डेटाबेस प्रणाली वर्तुळ सापडताच एका व्यवहाराचा बळी देतात. त्याचे काम मागे फिरवतात, त्याची कुलुपे सोडवतात. बाकीचे पुढे जातात. (दर वेळी तोच बळी जाऊ नये, हेही पाहावे लागते. आमच्याकडे तो बहुधा एखाद्या दूरच्या लहान राज्याचा प्रस्ताव असतो.)

अर्थात काय काढून घ्यावे, याला विवेक लागतो. प्रोसेसर खुशाल काढून घ्यावा. प्रक्रियेची स्थिती जपून ठेवता येते आणि काम तेथूनच पुढे चालते. छपाई अर्ध्यावर असताना प्रिंटर दुसऱ्याला दिला, तर दोघांचेही कागद वाया जातात.

आमचा न्याय नेमका उलटा. फाईलवरील टिपणीत आजवरचा सारा विचार नोंदलेला असतो. ती एका टेबलावरून उचलून दुसऱ्यावर ठेवली तर काहीच हरवत नाही. तरी तिला हात लावणे म्हणजे खात्याचा अपमान! अर्धा बांधलेला पूल हा खरा प्रिंटर. त्याचा अखर्चित निधी मात्र ३१ मार्चला बिनदिक्कत व्यपगत होतो. वार्षिक मंजुरी हा संसदेचा हक्क आहे, हे मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून जाणतो. पण मग फाईलीलाच एवढे सोवळे कशासाठी?

मुदत उलटली की फाईल आपोआप वर जावी. मौन म्हणजे संमती, असे सरसकट धरू नये. तोडलेले जंगल मागे फिरवता येत नाही. २०१५ साली सुरू झालेल्या ‘प्रगती’ बैठकांत पंतप्रधान स्वतः अडलेल्या प्रकल्पांचा आढावा घेऊ लागले. तेथे गाठी सुटतात, कारण काढून घेऊ शकणारा माणूस समोर बसलेला असतो. एका रस्त्याच्या फाईलसाठी पंतप्रधान लागावेत आणि सहसचिवाला तो अधिकार नसावा, हे कोणत्या नियमात बसते?