आधी कोंबडी उलटी करून बघा

अंडी कमी झाली की आमच्या जुन्नर-आंबेगावात एक ठरलेलं वाक्य ऐकू येतं: "जंताचं औषध सोडलं का?" मंचरच्या बाजारात, आळेफाट्याला चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत... कुठेही. मला या वाक्याची मनापासून चीड आहे आणि आज ती इथे सविस्तर ओकणार आहे. नात्यातले बरेच जण कोंबड्या पाळतात आणि त्यातले काही हे वाचतात, त्यामुळे पुढच्या सुट्टीत गावी माझं कसं स्वागत होणार याची पूर्ण कल्पना आहे. असो!

आधी हिशोब मांडू. ५,००० कोंबड्यांच्या शेडमध्ये अंडी ८८ टक्क्यांवरून ७४ टक्क्यांवर आली तर रोजची ७०० अंडी गेली. ट्रे ३० चा, म्हणजे रोज २३ ट्रे. खाद्य मात्र तेवढंच लागतं: कोंबडीमागे साधारण ११० ग्रॅम, म्हणजे दिवसाला साडेपाच क्विंटल. कर्जाचा हप्ताही कोंबडीला विचारून येत नाही. माणूस घाबरणारच. घाबरलेला माणूस दुकानात जातो. दुकानदार विचारतो, "किती पक्षी?" पक्षी पिंजऱ्यात आहेत की तुसाच्या गादीवर, हे तो विचारत नाही. आणि निम्मं उत्तर तर त्याच प्रश्नात दडलेलं असतं.

गोल जंतांची अंडी कोंबडीच्या विष्ठेतून बाहेर पडतात, गादीत दोन-तीन आठवडे मुरतात आणि मग दुसरी कोंबडी ती दाण्याबरोबर टिपते. गादी ओली असेल तर हा रहाटगाडा थांबतच नाही. पिंजऱ्यात मात्र विष्ठा जाळीतून खाली पडते, तिथवर चोच पोचत नाही. म्हणून पिंजऱ्यातल्या कोंबडीला गोल जंत क्वचितच होतात. तरीही आपण कॅलेंडर बघून पिंजऱ्यातल्या कोंबड्यांना पाण्यातून पायपरेझिन पाजतो! बरं, हे औषध गोल जंतांवर चालतं, चपट्या पट्टकृमींवर चालत नाही. आणि पट्टकृमी पिंजऱ्यातही पोचू शकतात, कारण ते माश्या आणि भुंगेऱ्यांच्या पोटातून येतात. म्हणजे तिथे बंदोबस्त माश्यांचा हवा. शेडखालची विष्ठा कोरडी राहिली तर कोंबड्याही सुटतील आणि माश्यांवरून तुमच्याशी भांडणारा शेजारीही.

पिंजऱ्यातला खरा चोर निराळाच आहे. टोमॅटोवरचा लाल कोळी नारायणगावात कुणाला ओळखता येत नाही असं नाही. त्याचाच एक रक्तपिता चुलतभाऊ कोंबड्यांच्या शेडमध्ये असतो. दिवसा हा पिंजऱ्याच्या सांध्यात, खांबाच्या फटीत, लाकडाच्या चिरेत दडून बसतो आणि दिवे मालवले की बाहेर येतो. दिवसाढवळ्या कोंबडी कितीही तपासा, तो सापडत नाही. रक्त गेलं की तुरा फिका पडतो, कोंबडी रात्रभर अस्वस्थ राहते आणि अंडं घटतं. बॅच विकून शेड दोन-तीन आठवडे रिकामी ठेवली की तो उपाशी मरेल, हाही भ्रमच. रक्ताच्या थेंबाशिवाय तो कित्येक महिने तग धरतो आणि नव्या तलंगा आल्या की त्यांच्या स्वागताला हजर! त्याला पाण्यातलं जंताचं औषध काय करणार?

"रात्री शेडात जाऊन बघायचं? आणि उसातला बिबट्या?" हा आक्षेप मला मान्य आहे, आमच्याकडे तो विनोद नाही. पण त्यावरही साधी युक्ती आहे. खोक्याच्या नालीदार पुठ्ठ्याच्या घड्या करून संध्याकाळी पिंजऱ्यांच्या सांध्यांशी अडकवा. चोराला लपायला फट आवडते, तो पुठ्ठ्यात शिरतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भर उन्हात पांढऱ्या कागदावर पुठ्ठा झटका आणि मोजा.

उवांचं काम त्याहून सोपं. उवा कोंबडी सोडून जात नाहीत. शेडच्या वेगवेगळ्या भागांतून वीस-तीस कोंबड्या उचला, उलट्या धरा, शेपटीखालची पिसं फुंकून बाजूला करा. पिसांच्या मुळाशी पांढरट लिखांचे झुबके दिसले की निदान झालं. लिखांवर औषध फारसं चालत नाही, म्हणून साधारण दहा दिवसांनी दुसरा हात द्यावाच लागतो. तो दिला नाही, तर पहिल्या हाताचे पैसे पाण्यात.

आता ज्याचा मला सगळ्यात जास्त राग आहे ते. नात्यातल्याच एका शेडवर अंडी घटली तेव्हा घरातले पुरुष तीन दुकानं फिरून आले. अंडी रोज गोळा करते ती वहिनी. अंड्यांवर बारीक तांबडे ठिपके दिसतात आणि गोळा करताना हातांना खाज सुटते, हे ती आठवडाभर सांगत होती. ते ठिपके म्हणजे चिरडलेले रक्तपिते होते! तिला कुणी विचारलं नाही, कारण पोल्ट्री सातबाऱ्यावर आणि कर्जाच्या कागदावर दादांच्या नावावर. १९८२ साली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली आणि अंड्याचा दर व्यापाऱ्याऐवजी उत्पादकांची संघटना जाहीर करू लागली, ही मोठीच गोष्ट झाली. आज सकाळचा पहिला फोन दरासाठी असतो. शेडात रोज वावरणाऱ्या बाईला "आज काय दिसलं गं?" एवढं विचारायला मात्र फोनही लागत नाही.

औषधाचं दुसरं टोक तर याहून वाईट. उवा दिसल्या की काही जण टोमॅटोचा पंप उचलतात आणि पिकावरचं औषध पक्ष्यांवर मारतात. २०१७ साली नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये काय झालं ते आठवा. याच रक्तपित्या किडीसाठी वनस्पतीजन्य म्हणून विकल्या गेलेल्या औषधात फिप्रोनिल निघालं. अंडी लाखोंनी नष्ट करावी लागली, फार्म बंद झाले, कोंबड्या मारल्या गेल्या. ते औषध आपल्याकडे उसासाठी, कोबीसाठी दुकानात मिळतंच. आपल्या अंड्यांत काय उतरतं हे कोण तपासतं? घोडेगावच्या पलीकडचा डोंगर आदिवासींचा. अशा भागांसाठी २०१५ साली सुरू झालेल्या अमृत आहार योजनेत अंड्याला जागा मिळाली ती कुपोषणावरचा उपाय म्हणून. पोराच्या ताटातल्या अंड्यात फवारणीचं औषध उतरणार असेल तर तो उपाय कसला?

"पुण्यात बसून लिहिणं सोपं आहे," असं मामा म्हणतीलच. बरोबर आहे मामा. पण मेलेली कोंबडी पुरण्याआधी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवून तिची आतडी उघडून घेणं पुण्यात नाही, तुमच्याच गावाजवळ होतं. विष्ठेचा नमुना औंधच्या रोग अन्वेषण विभागात जाऊ शकतो. आजीच्या वेळी चुलीची राख पुरायची, हेही सांगू नका. पंधरा कोंबड्या राखेत लोळत होत्या म्हणून ती पुरायची. पिंजऱ्यातल्या पाच हजारांना लोळायला जागाच नाही.

आणि दर वेळी कीडच असते असंही नाही. कोंबड्यांचं वय किती झालं? पिसं झडायला लागलीत का? पाण्याच्या निपलला पाणी येतं का? उजेड चौदा-सोळा तास मिळतो की वीज गेल्यावर दिवा लावायचा राहतो? खाद्याची गाडी बदलली का? या पाच प्रश्नांना एक पैसा लागत नाही. म्हणूनच बहुधा ते कुणी विचारत नाही. फुकटच्या गोष्टीवर आपला विश्वास नसतो ना!

औषधाला माझा विरोध नाही. निदानानंतर, पशुवैद्यकाने सांगितलेलं, सांगितलेल्या मात्रेत, आणि तो म्हणेल तितके दिवस अंडी न विकता जरूर द्या. शेवटची अट जड आहे, ठाऊक आहे. पण अंडी फेकण्याची किंमत एकदा मनात धरली, की बाटली उघडण्याआधी कोंबडी उलटी करून बघायला हात आपोआप पुढे होईल.