व्यासपीठाचा अखत्यार

१८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतलेल्या पंडिता रमाबाई चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात असताना, त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे काय, असा प्रश्न निघाला, तेव्हा बिशपांनी प्रतिकूल अभिप्राय दिला. आणि कलकत्त्याच्या पंडितांनी जिला ‘सरस्वती’ म्हणून गौरविले, त्या विदुषीने तो निर्बंध मुकाट्याने मानला नाही. पुढे केडगावी याच बाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक ग्रंथांवरून संपूर्ण बायबल मराठीत आणले आणि ते छापण्याच्या कामी त्यांच्या मुक्ती मिशनमधील स्त्रियांचेच हात राबले.

स्त्रीने मंडळीत उपदेश करू नये, असे म्हणणारे तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राकडे बोट दाखवितात. परंतु त्याच बायबलात दबोरा इस्राएलाचा न्यायनिवाडा करते, हुल्दा राजाच्या दूतांना निर्भयपणे ईश्वरी निर्णय सांगते, किंख्रियाच्या मंडळीतील फीबीची पौल आदराने शिफारस करतो, आणि पुनरुत्थानाची वार्ता शिष्यांना प्रथम कळते ती मग्दालीया मरीयेकडून! एका पत्रातील वचनाने हा सारा पुरावा बाद ठरावा, हे मला सर्वथा अन्याय्य वाटते.

दक्षिण भारताच्या चर्चने २०१३ साली पुष्पा ललिता यांना नंद्याळच्या बिशपपदी बसविले. रोमन कॅथलिक चर्चमध्ये मात्र धर्मगुरूपद स्त्रियांना अद्याप बंद आहे. आमच्या उस्मानपुऱ्यातील ख्रिस्ती कुटुंबांनी दूरच्या निर्णयांची वाट न पाहता, आपापल्या मंडळीच्या कार्यकारिणीत, हिशेबाच्या दप्तरात आणि रविवारच्या उपदेशात स्त्रियांना पूर्ण अखत्यार मागावा.