बदलीचे बालपण

औंध संस्थानचे राजपुत्र अप्पासाहेब पंत १९४८ मध्ये स्वतंत्र भारताचे आयुक्त म्हणून नैरोबीला गेले. पुढे गंगटोक, जकार्ता, ऑस्लो, कैरो, लंडन आणि रोम असा त्यांचा मुक्काम हलत राहिला. त्यांच्या कन्या, सागरविज्ञ अदिती पंत यांनी १९८३-८४ च्या मोहिमेत सुदीप्ता सेनगुप्ता यांच्यासह अंटार्क्टिकावर पाऊल ठेवले. तेथे जाणाऱ्या त्या दोघी पहिल्या भारतीय महिला शास्त्रज्ञ. राजदूतांच्या सेवेची नोंद इतिहासात होते. दर तीन-चार वर्षांनी बांधाबांध करणाऱ्या घरांतील मुलांच्या मनात काय घडते, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रूथ हिल युसीम यांनी १९५० च्या दशकात भारतात राहणाऱ्या अमेरिकन कुटुंबांचा अभ्यास केला. आई-वडिलांची संस्कृती एक, मुक्कामाच्या देशाची दुसरी आणि या दोहोंच्या मधल्या जगात वाढणारी मुले, त्यांना त्यांनी 'तिसऱ्या संस्कृतीची मुले' म्हटले. अशी मुले भाषा लवकर शिकतात, परक्यांत सहज मिसळतात. मात्र मैत्री जुळते न जुळते तोच ती तुटते. मोठेपणी त्यांपैकी काहींना जवळीक वाढू लागली की भीती वाटते. भांडण मिटविण्याचा सरावही अनेकांना नसतो. कारण बालपणीचे प्रत्येक भांडण बदलीच्या हुकुमाने आपोआप संपलेले असते.

याउलट गुलमंडीवरील किंवा सराफ्यातील पेढीवर दोघा भावांची कितीही बोलाचाली झाली, तरी दुसऱ्या दिवशी एकाच गादीवर बसावे लागते. अशा घरात बदल्यांत वाढलेली सून आली, तर काय होते? मतभेद होताच ती खोलीत जाऊन गप्प बसते. सासरच्यांना तो ताठा वाटतो; ती मात्र लहानपणीच्या सवयीने वादळ सरण्याची वाट पाहत असते. 'गाव कोणते?' या साध्या प्रश्नाला तिच्याजवळ चटकन उत्तर नसते. 'घरात रमत नाही' असा शिक्का मारण्यापूर्वी वडीलधाऱ्यांनी हे समजून घ्यावे. 'राग आला आहे, पण नाते तुटलेले नाही', हे पतीने तिला स्पष्ट शब्दांत सांगावे. तिनेही थांबून, मनातले बोलण्याचा अभ्यास करावा.

हा प्रश्न आता केवळ राजदूतांच्या घरांपुरता उरलेला नाही. व्यापारासाठी दुबई-अँटवर्पला स्थिरावणारी कुटुंबे आणि लहान वयात वसतिगृहात जाणारी मुले यांनाही तो लागू पडतो. या मुलांचे अभ्यासक डेव्हिड पोलॉक यांनी गाव सोडण्यापूर्वीचा क्रम सांगितला आहे: दुखावलेली नाती जुळवावीत, ऋण मान्य करावे, रीतसर निरोप घ्यावा आणि मगच पुढच्या मुक्कामाचा विचार करावा. दरवर्षी क्षमापना करणाऱ्या घरांना यातील पहिली पायरी नवी नाही. मुलांचे सामान बांधताना तिच्यासाठी एक संध्याकाळ राखून ठेवावी. शेजारी, शिक्षक आणि ज्याच्याशी अबोला आहे तो मित्र, या सर्वांना मुलाने भेटूनच निघावे.