दुसरे कार्ड आणि दामदुपट

एक क्रेडिट कार्ड खिशात असताना अधिक रिवॉर्ड पॉइंट देणारे दुसरे कार्ड घ्यावे काय, आणि घ्यावयाचे झाल्यास पतमर्यादेचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न आज पगारदार कर्मचाऱ्यांच्या घराघरांत विचारला जातो. चळवळीतील काही मंडळींना हा सुखवस्तूंच्या चैनीचा प्रश्न वाटतो. आम्हाला तसे वाटत नाही. युनियनने झगडून मिळवलेली पगारवाढ जर दरमहाच्या कार्डाच्या बिलातून व्याजरूपाने परत जात असेल, तर तो मजुरीचाच प्रश्न आहे. म्हणून त्याचा व्यवहार आणि त्यामागील राजकारण या दोहोंचा विचार कार्यकर्त्यांनी केला पाहिजे.

प्रथम पतमर्यादा म्हणजे काय ते स्पष्ट करून घेऊ. चाळीस हजार रुपये पगार असणाऱ्याला बँक दीड लाखाची मर्यादा देते तेव्हा ती त्याच्या मिळकतीत एका पैचीही भर घालीत नाही. त्याला आपल्याकडून किती कर्ज करता येईल, एवढेच ती सांगते. ही मर्यादा ठरवताना अर्जदाराला इतर बँकांनी दिलेल्या सर्व मर्यादा विचारात घ्याव्यात, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. म्हणूनच दुसऱ्या कार्डासाठी अर्ज करणाऱ्याच्या पगाराबरोबर त्याच्या पहिल्या कार्डाची मर्यादाही तपासली जाते. एकाच बँकेचे दुसरे कार्ड घेतले तर पुष्कळदा नवी मर्यादा मिळतच नाही; जुनीच दोन्ही कार्डांना सामाईक केली जाते. आणि प्रत्येक अर्जाची चौकशी पत-अहवालात नोंदली जात असल्याने थोड्या अवधीत चार ठिकाणी अर्ज करणारा माणूस निकडीत असल्याचे गणले जाते.

येथे सिबिलचा संबंध येतो. तीनशे ते नऊशे या अंकांत माणसाची पत मोजणाऱ्या या पद्धतीत, मंजूर मर्यादेपैकी किती टक्के रक्कम वापरली, या गोष्टीला मोठे महत्त्व असते. हे प्रमाण तीस टक्क्यांच्या आत ठेवावे असा सल्ला सर्वत्र दिला जातो. दोन माणसे घ्या. दोघेही कार्डावर दरमहा पंधरा हजारांचा किराणा, औषधे आणि मुलांच्या फीचा खर्च करतात. दोघेही बिल मुदतीत पूर्ण भरतात. एकाची मर्यादा वीस हजार, दुसऱ्याची तीन लाख. पहिल्याचा वापर पंच्याहत्तर टक्के ठरतो, दुसऱ्याचा पाच टक्के. खर्च तोच, सचोटी तीच. तरी या एका निकषावर पहिला जोखमीचा आणि दुसरा भरवशाचा. ज्याचा पगार मोठा त्याची मर्यादा मोठी, आणि ज्याची मर्यादा मोठी त्याची पत चांगली. वर्गभेदच येथे गणिताचा पोशाख चढवून उभा राहतो. पुढे गृहकर्जाचा व्याजदर ठरवताना बँका हाच आकडा पाहतात. म्हणजे ज्याची मिळकत कमी त्यालाच घर महाग पडण्याचा संभव अधिक.

या जाचातून सुटण्यासाठी सामान्य कर्मचारी दुसऱ्या कार्डाकडे वळतो. एकूण मर्यादा वाढली म्हणजे वापराचे प्रमाण घटेल, हा त्याचा हिशेब चूक नाही. एक लाखाच्या मर्यादेत साठ हजार वापरणाऱ्याला दुसरे एक लाखाचे कार्ड मिळाले, तर प्रमाण साठावरून तीसवर येते. परंतु याचा अर्थ काय होतो? कमी कर्जबाजारी दिसण्यासाठी अधिक कर्ज काढण्याची मुभा मिळवावी लागते. जी व्यवस्था माणसाला असा मार्ग दाखवते ती त्याच्या काटकसरीची कसोटी घेत नाही. त्याला आपल्या दाराशी अधिक घट्ट बांधून घेते.

त्यावर पॉइंटांचे आमिष असते. हे पॉइंट बँक आपल्या पदरचे देत नाही. कार्डाने पैसे घेणाऱ्या व्यापाऱ्याला शुल्क द्यावे लागते. तो ते वस्तूंच्या किमतीत मिळवतो, आणि ती किंमत रोकड मोजणारी मोलकरीणही भरते. रुपे डेबिट कार्ड आणि खात्यातून होणारे यूपीआय व्यवहार यांवर व्यापाऱ्याकडून असे शुल्क घेणे १ जानेवारी २०२० पासून बंद झाले. साहजिकच ज्यावर शुल्कही मिळते आणि व्याजही, त्या क्रेडिट कार्डाचा आग्रह वाढला. अमेरिकेत बॉस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतील अर्थतज्ज्ञांनी २०१० साली या देवघेवीचा हिशेब मांडला होता. रोकड वापरणाऱ्या सरासरी कुटुंबाच्या खिशातून वर्षाला १४९ डॉलर कार्डधारकांकडे जातात आणि कार्ड वापरणाऱ्या सरासरी कुटुंबाला त्यातून १,१३३ डॉलर मिळतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. भांडवलशाहीच्या माहेरघरातील मध्यवर्ती बँकेच्या अभ्यासकांनीच गरिबाकडून श्रीमंताकडे जाणारा हा ओघ दाखवून दिला, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

पॉइंटांचा दुसरा झरा म्हणजे बाकी ठेवणाऱ्यांचे व्याज. समजा, कार्ड खर्चाच्या एक टक्का परतावा देते. एक लाख रुपये खर्च केले म्हणजे हाती एक हजार रुपये पडतील. आता एकाच महिन्यात तीस हजारांची बाकी राहिली आणि व्याज दरमहा साडेतीन टक्के असले, तर व्याज १,०५० रुपये आणि त्यावरील अठरा टक्के जीएसटी १८९ रुपये, असे १,२३९ रुपये गेले. एक लाखाच्या खर्चावरील सारी कमाई एका महिन्यात बुडून वर पदरचे गेले. शिवाय मागील बाकी राहिली की नव्या खरेदीवरील बिनव्याजी मुदतही संपते. जो पूर्ण बिल भरतो त्याचे पॉइंट, जो भरू शकत नाही त्याच्या व्याजातून येतात. आणि आजारपण, कंत्राट संपणे, पगार थकणे यांपैकी काहीही घडले की पहिल्या रांगेतला माणूस दुसऱ्या रांगेत जाऊन बसतो. रांग बदलताना दोन कार्डे हाती असली तर घसरण दुप्पट वेगाने होते, कारण एका कार्डाचे देणे दुसऱ्याने भागवण्याची सोय हाताशी असते.

महाराष्ट्राला व्याजाचा हा प्रश्न नवा नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या कर्जरोख्यांची होळी केली, आणि चार वर्षांनी, १८७९ साली, सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. रोख्यावरील आकडा प्रमाण न मानता मूळ देणे किती आणि व्याज किती याचा तपास करण्याचा अधिकार त्याने न्यायालयांना दिला. त्याहूनही जुना दामदुपटीचा नियम सांगत होता की, एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलाहून अधिक असता कामा नये. आज दरमहा साडेतीन टक्के चक्रवाढीने सुमारे वीस महिन्यांत मुद्दलाइतके व्याज चढते, आणि त्यापुढेही ते थांबत नाही.

सावकाराने किती व्याज घ्यावे हे महाराष्ट्र सरकार २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याखाली ठरवू शकते. बँका त्या कायद्याच्या कक्षेबाहेर आहेत. एवढेच नव्हे, तर बँकेचा व्याजदर अवाजवी आहे या कारणावरून न्यायालयाने व्यवहार पुन्हा उघडू नये, असे कलम १९८४ साली बँकिंग नियमन कायद्यात घालण्यात आले. २००८ साली राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने, मुदतीत बिल न भरणाऱ्या कार्डधारकांकडून वार्षिक तीस टक्क्यांहून अधिक व्याज घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा असल्याचा निर्णय दिला. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो रद्दबातल ठरवला. न्यायालयाने कायद्याचा अर्थ लावला. कायदा बदलण्याचे काम संसदेचे, आणि संसदेला ते करावयास लावण्याचे काम जनतेचे.

कायदा बदलेपर्यंत माणसांना जगावयाचे आहे. म्हणून दुसरे कार्ड घेऊ पाहणाऱ्या सभासदाला कार्यकर्त्यांनी उपदेश न करता हिशेब समजावून द्यावा. अर्जापूर्वी त्याने आपला पत-अहवाल पाहावा. चारही पतमाहिती कंपन्यांनी तो वर्षातून एकदा विनामूल्य दिला पाहिजे. त्यातील चूक दाखवूनही तीस दिवसांत दुरुस्त झाली नाही, तर दिवसाला शंभर रुपये भरपाई मागता येते. गृहकर्जाचा अर्ज विचाराधीन असताना नव्या कार्डासाठी अर्ज करू नये. नवे कार्ड हाती येण्यापूर्वी जुने घाईने बंद करू नये, कारण एकूण मर्यादा घटून वापराचे प्रमाण एकदम वाढते. दुसऱ्या कार्डावाचून ते प्रमाण आटोक्यात ठेवावयाचे असेल, तर बिल निघण्यापूर्वीच काही रक्कम भरून टाकावी. सर्व कार्डांची मर्यादा मिळून किती कर्ज आपल्या पगाराला पेलेल, हे बँकेच्या आधी आपण ठरवावे; त्याहून अधिक मर्यादा देऊ केली तर ती नाकारावी अथवा कमी करून मागावी. धारकाच्या स्पष्ट संमतीशिवाय बँकेला मर्यादा वाढवता येत नाही. न मागता कार्ड देऊन त्याचे पैसे लावले तर ते परत करून दुप्पट दंड देणे बँकेवर बंधनकारक आहे. बंद करावयास सांगितलेले, देणे नसलेले कार्ड कामकाजाच्या सात दिवसांत बंद झाले नाही, तर दिवसाला पाचशे रुपये दंड लागतो. हे अधिकार कागदावर आहेत. ते वापरावयास शिकवणे हे युनियनच्या कार्यालयाचे काम आहे.

परंतु एकेकट्याच्या सावधगिरीने हा प्रश्न सुटणार नाही. कार्डावरील व्याजाला कायद्याने कमाल मर्यादा असावी. वसूल होणारे एकूण व्याज मुद्दलाच्या पुढे जाऊ नये, हा दामदुपटीचा न्याय बँकांनाही लागू व्हावा. मोठ्या मर्यादेच्या बळावर माणसाची पत ठरवण्याऐवजी त्याने देणे वेळेवर फेडले की नाही हे पाहिले जावे, या आपल्या मागण्या असल्या पाहिजेत. आणि जेथे जेथे पगारदार नोकरांच्या पतसंस्था आहेत तेथे अडीअडचणीचे कर्ज प्रथम तेथून, माफक व्याजाने आणि विनाविलंब मिळेल, अशा रीतीने त्या चालवल्या पाहिजेत. पतसंस्थेची निवडणूक ही पॅनेलांची कुस्ती समजणाऱ्या आपल्या काही कार्यकर्त्यांनी याचा विशेष विचार करावा. सभासदाला रात्री रुग्णालयात भरावयाचे पन्नास हजार जर आपल्या संस्थेकडून मिळत नसतील, तर तो कार्ड काढील, आणि त्याबद्दल त्याला दोष देण्याचा अधिकार आपल्याला राहणार नाही.

येत्या गेटसभांत आणि शाखांच्या बैठकांत हा विषय घ्यावा. सभासदांनी आपली बिले आणावीत, किती व्याज गेले याची बेरीज करावी, आणि ती बेरीज गेल्या करारातील पगारवाढीशेजारी मांडून पाहावी. मग हा चैनीचा प्रश्न आहे की मजुरीचा, हे कोणाला वेगळे पटवून द्यावे लागणार नाही.