वाहिनी निर्दोष असते तेव्हा

१/ धागा. सर्व्हरवर बाहेरून येणारी माहिती रखडू लागली की आपला पहिला आरोप ‘लाइन’वर असतो. दुसरे पाऊल म्हणजे अधिक वेगाचा, अधिक महाग प्लॅन. माझ्या मते हा निवाडा पुराव्यावाचून दिलेला असतो आणि पुष्कळदा चुकीचा ठरतो. त्यासाठी साक्षीदार दोन: १९८६ सालचे कॅलिफोर्निया आणि आपल्या कुरुंदवाडचा संगम.

२/ इतिहासाच्या धाग्यात सर्व्हर कशासाठी, असे कोणी विचारील. कुरुंदवाड हे पटवर्धनांचे संस्थान. १८५४ मध्ये त्याच्या थोरली व धाकटी अशा दोन पाती झाल्या आणि १९४८ मध्ये ते मुंबई प्रांतात विलीन झाले. त्या काळातील मोडी कागद या परिसरातील घराघरांत जपलेले आहेत. आणि या परिसराने २००५, २०१९ व २०२१ चे महापूर पाहिले आहेत. भिजलेला कागद परत येत नाही. म्हणून त्याची प्रतिमा पावसाळ्यापूर्वी सुरक्षित सर्व्हरवर पोहोचणे, हा आता इतिहासरक्षणाचाच भाग झाला आहे. ती प्रतिमा वाटेत का अडते, हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा राहत नाही.

३/ आता पहिला साक्षीदार. ऑक्टोबर १९८६. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाचा बर्कली परिसर यांच्यात अंतर अवघे चारशे यार्ड. त्यांच्यामधील जोडणीचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून घसरून ४० बिटांवर आला. म्हणजे आठशे पटींनी कमी. तार तुटली नव्हती, यंत्रे बंद पडली नव्हती. सारे काही ‘चालू’ होते, फक्त माहिती पोहोचत नव्हती.

४/ पार्श्वभूमी थोडक्यात. १ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेटने टीसीपी/आयपी ही नियमावली स्वीकारली. त्याच वर्षी बर्कलीच्या ४.२ बीएसडी युनिक्समधून ती विद्यापीठांच्या संगणकांपर्यंत गेली. जाळे झपाट्याने वाढले. जॉन नेगल यांनी जानेवारी १९८४ मध्येच एका टिपणात इशारा दिला होता, की गर्दी वाढल्यास हे जाळे स्वतःच्याच भाराने कोसळू शकेल. अडीच-पावणेतीन वर्षांत तो खरा ठरला. आपल्याकडे अर्नेट हा शैक्षणिक जाळ्याचा प्रकल्प सुरू झाला तोही १९८६ मध्येच, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा.

५/ घडले ते असे. पाठवणाऱ्या संगणकाला पोच वेळेत मिळाली नाही की तो समजे, पाकीट हरवले. आणि तेच पुन्हा पाठवी. प्रत्यक्षात पाकीट मधल्या रांगेत खोळंबलेले असे. पुन्हा पाठवल्यामुळे रांग आणखी लांबे, पोच आणखी उशिरा येई, पाकिटे आणखी पाठवली जात. एकाच पत्राच्या दहा नकला घेऊन दहा जासूद एकाच अरुंद घाटात शिरावेत, तशी ही कोंडी.

६/ व्हॅन जेकबसन आणि मायकेल कारेल्स यांनी शोध घेतला तो तारेचा नव्हे, वर्तनाचा. दोष पाठवणाऱ्याच्या अधीरतेत होता. १९८८ मध्ये त्यांनी उपाय प्रसिद्ध केला: आरंभी अगदी थोडे पाठवावे, पोच येईल तसतसे वाढवावे, पाकीट हरवल्याचे दिसताच हात आखडावा आणि पोचीची वाट किती पाहायची हे अनुभवावरून ठरवावे. एकही नवी तार न टाकता जाळे सावरले. हा मूळ विचार आजही आपल्या प्रत्येक डाउनलोडमागे उभा आहे.

७/ आता दुसरा साक्षीदार, घरचा. पंचगंगा कृष्णेला मिळते ती नृसिंहवाडी-कुरुंदवाडपाशी. कृष्णा तुडुंब असली की पंचगंगेचे पाणी पुढे सरकत नाही. मागे फुगवटा चढतो आणि शिरोळ तालुक्यातील शिवारे पाण्याखाली जातात. त्या वेळी पंचगंगेचे पात्र आणखी रुंद केले तरी काय साधणार? अडथळा पात्रात नाही, स्वीकारणाऱ्या टोकाला आहे.

८/ टीसीपीत नेमकी हीच व्यवस्था आहे. स्वीकारणारा संगणक प्रत्येक पोचीबरोबर कळवतो, की माझ्याकडे अजून इतकी जागा शिल्लक आहे. या जागेला ‘विंडो’ म्हणतात. सर्व्हरची डिस्क मंद असेल किंवा प्रोसेसर सांकेतिकीकरणात गुंतला असेल, तर आलेला माल उचलला जात नाही. जागा भरते, विंडो शून्यावर येते आणि पाठवणारा नियमानुसार थांबतो. बाहेरून पाहणारा म्हणतो, ‘नेट स्लो आहे.’ प्रत्यक्षात कृष्णा भरलेली असते.

९/ एक हिशेबही पाहा. १९८१ च्या मूळ नियमावलीत विंडोसाठी १६ बिटच राखलेले होते. म्हणजे कमाल ६५,५३५ बाइट. अमेरिकेतून येणाऱ्या पाकिटाला जाऊन-येऊन ०.२ सेकंद लागत असतील, तर कमाल वेग सेकंदाला सुमारे २६ लाख बिट, म्हणजे २.६ एमबीपीएस. तुमची लाइन १०० एमबीपीएसची असली तरी एका जोडणीवर इतकाच! १९९२ मध्ये विंडो मोठी करण्याची सोय प्रमाणित झाली. पण २००४ मध्ये लिनक्सने ती अधिक मोकळेपणाने वापरताच असे दिसले, की वाटेतील काही सदोष राउटर तो आकडाच बिघडवून टाकतात. जुनी मर्यादा कागदावरून गेली तरी व्यवहारातून लगेच जात नाही. हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला नव्याने सांगायला नको.

१०/ मग शोध कसा घ्यावा? आपल्याच शास्त्राची भाषा वापरतो. स्पीडटेस्टचा आकडा म्हणजे बखर. वाचायला सोपी, पण ती सांगते दुसऱ्याच वाटेची गोष्ट: जवळच्या चाचणी-सर्व्हरपासून तुमच्या ब्राउझरपर्यंतची. अस्सल समकालीन कागद म्हणजे टीसीपीडम्पने टिपलेली पाकिटे. कोणते केव्हा आले, कोणते दोनदा आले, विंडो केव्हा शून्य झाली, सारे त्यात वेळेसह नोंदलेले असते. हे साधनही जेकबसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच बर्कली प्रयोगशाळेत घडवले, हे विशेष.

११/ तपासाचा क्रम असा असावा. आधी येणारी व जाणारी दिशा वेगवेगळी मोजा. मग आयपर्फने चाचणी घ्या; त्यात डिस्कचा संबंधच येत नाही. आयपर्फ वेगवान आणि फाइल मात्र संथ, तर जाळे बहुधा निर्दोष. डिस्क, प्रोसेसर किंवा हजारो चिमुकल्या फाइलींचा भार तपासा. नेटस्टॅटमध्ये स्वीकाररांग सतत साचलेली दिसली तर पुरावा पक्का: माल दारात आला आहे, उचलणारा नाही.

१२/ आयपर्फही संथ निघाला तर इथटूलने नेटवर्क कार्डाची नोंद पाहा. आमच्या एका छोट्या अभ्यासगटाच्या लिनक्स सर्व्हरवर स्कॅन तासन्‌तास रखडत. महागडा प्लॅन घ्यावा, अशी सूचनाही झाली होती. नोंद पाहता कळले, की स्विचचे पोर्ट हाताने ‘फुल डुप्लेक्स’वर बांधलेले आणि सर्व्हर आपोआप ‘हाफ’वर उतरलेला. एक बाजू ऐकता-ऐकता बोलणारी, दुसरी आळीपाळीने बोलणारी. त्यामुळे पाकिटे परस्परांवर आदळत. पिंग मात्र व्यवस्थित, कारण ती इवलीशी असते. स्विचची मांडणी ‘ऑटो’ केली. खर्च शून्य.

१३/ आक्षेप येईल: गावाकडे लाइन खरोखरच वाईट असते, रस्ता खणताना केबल तुटते. मान्य, आणि अशा वेळी दोष वाहिनीचाच. पण तेव्हाही मोजलेल्या नोंदीच उपयोगी पडतात. ‘स्लो आहे’ या तक्रारीला उत्तर मिळते, ‘आमच्याकडून ठीक आहे.’ दिवस, वेळ, दिशा आणि हरवलेल्या पाकिटांचे प्रमाण समोर ठेवले की टोलवाटोलवी कठीण होते.

१४/ दूरच्यावर दोष टाकण्याची सवय आपल्याला पाण्याच्या बाबतीतही आहे. २०१९ च्या पुरानंतर आलमट्टीकडे बोट दाखवले गेले. शासनानेच नेमलेल्या वडनेरे समितीने त्या पुराचे कारण म्हणून आलमट्टीला दोषी धरले नाही. अतिवृष्टी आणि पूरक्षेत्रातील अतिक्रमणे यांवर तिचा भर होता. वाद अजून मिटलेला नाही, मिटावा असा माझा आग्रहही नाही. आग्रह एवढाच, की पाणी कोठे आणि का तुंबले हे मोजमापाने ठरावे, रागाने नव्हे.

१५/ वासुदेवशास्त्री खरे यांनी मिरजेत शिक्षकी करीत पटवर्धनी दप्तरांतील पत्रे निवडून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ सिद्ध केला. कागद पुढच्या पिढीच्या हाती पोचवण्याचे त्या काळचे साधन म्हणजे लेखणी आणि छापखाना. आपल्या हाती सर्व्हर आहे. त्यामुळे कागदपत्रांच्या प्रतिमा जमवणाऱ्या प्रत्येक छोट्या गटाला माझी सूचना आहे: स्कॅनर हाताळणाऱ्याबरोबरच एक जण वेग मोजणारा नेमा आणि त्याची नोंदवही ठेवा. पुढचा पावसाळा प्लॅन बदलेपर्यंत थांबत नाही.