विजय ग्राहकांचा नव्हे, कार्ड कंपन्यांचा

‘ग्राहकशक्तीपुढे अश्लील गेम नमले’ या आशयाचे पत्र वाचले. बलात्काराचा खेळ करणारे गेम गेले, याचे दुःख मलाही नाही. पण हा विजय ग्राहकांचा नव्हे.

ऑस्ट्रेलियातील ‘कलेक्टिव्ह शाउट’ या संघटनेने जुलै २०२५ मध्ये व्हिसा, मास्टरकार्ड, पेपाल आदींना खुले पत्र लिहून अशा गेमचे पैसे पोचवणे थांबवा, असे सांगितले. त्याच महिन्यात ‘स्टीम’ या ऑनलाइन गेम-दुकानाच्या नियमांत कलम आले: कार्ड कंपन्या व बँकांच्या निकषांत न बसणारा मजकूर चालणार नाही. ‘इच.आयओ’ या दुसऱ्या दुकानाने तर प्रौढांसाठीचे सारेच गेम शोधयादीतून काढले. सुक्याबरोबर ओलेही जळाले.

मास्टरकार्ड म्हणते, आम्ही कोणताही गेम हटवायला लावला नाही. स्टीमची मालक ‘व्हॉल्व्ह’ म्हणते, पैसे पोचवणाऱ्या मधल्या कंपन्यांनी मास्टरकार्डच्याच ५.१२.७ या नियमाकडे बोट दाखवले. त्या नियमात बेकायदा व्यवहारांबरोबरच कंपनीच्या नावाला बट्टा लावणारे व्यवहारही येतात. तो बट्टा ठरवणार कोण? आणि दाद मागायची कुणाकडे?

बेकायदा ते कायद्याने जरूर रोखावे. पण मनीऑर्डर आणणाऱ्या पोस्टमनने, पैसे कशासाठी, हे विचारायचे नसते.

– एक वाचक, ठाणे